फ्रँकफर्टरांचा सल्ला आणि सुप्याचं खत

१२ मे १८७५, बुधवार. पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं सुपे. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर चाल केली. सुप्यात मालाची लूट झाली, हे खरं. पण तिथून हे लोण शिरूरकडे आणि नगर जिल्ह्यात पसरलं, तेव्हा जमावाचा जीव कशात अडकलाय ते सरकारी चौकशी आयोगाच्याही ध्यानात आलं. जमावाला कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखतं, कोर्टाचे हुकूमनामे. सावकारानं दप्तर मुकाट काढून दिलं, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद फाडले, जाळले आणि लोक घरी गेले.

दंगलीत माणसं सोडून कागदांवर राग निघतो, तेव्हा भांडण नुसतं सावकाराशी नसतं. त्या कागदाला बळ देणाऱ्या कायद्याशीही असतं. हे बळ आलं होतं १८५९ साली. त्या वर्षीच्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्यावर दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत घातली. हेतू भला होता: जुनाट दावे उकरून काढून कुळाला छळू नये. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार म्हणे, नवं खत लिहून दे. नव्या खतात जुनं व्याज मुद्दल होऊन बसे. समजा शंभर रुपये घेतले, व्याज वर्षाला शेकडा चोवीस. तीन वर्षांनी नवं खत १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी २९६चं. नवव्या वर्षी ५०९चं. मधल्या काळात शेतकऱ्याच्या हातात एक पैही नवी आलेली नाही. कोर्टापुढे मात्र येई ते शेवटचं खत: पाचशे नऊ रुपये, खाली अंगठा, दोन साक्षीदार. मुन्सफ विचारी, अंगठा तुझाच ना? शेतकरी म्हणे, हो. दावा निकाली. पुष्कळदा तर शेतकरी कोर्टात हजरच नसे, हुकूमनामा एकतर्फीच होई.

करार म्हणजे करार. दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीनं केलेल्या व्यवहारात राज्यानं नाक खुपसू नये, हे त्या काळचं इंग्रजी शहाणपण. सुप्याच्या शेतकऱ्यानं ते अंगावर घेतलं होतं. आणि हाच प्रश्न पुढे अमेरिकेत एका घटनापंडिताच्या साऱ्या आयुष्याचा विषय झाला, त्याचं उत्तर वॉशिंग्टनहून दिल्लीला आलं आणि भारतीय राज्यघटनेच्या २१व्या कलमात जाऊन बसलं. त्या पंडिताचं नाव फेलिक्स फ्रँकफर्टर. त्याच्या कारकिर्दीचं मूल्यमापन अमेरिकेत खूप झालं आहे. इथलं मूल्यमापन वेगळं निघतं, आणि ते सुप्यापासून सुरू केलं तर जास्त नीट दिसतं.

सुपे आणि अमेरिका हा धागा ओढूनताणून जोडलेला नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. दख्खनमध्ये कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर सावकाराचा हातही सैल सुटला. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, उधारी आखडली. त्यातच जमीनमोजणीची तीस वर्षांची मुदत संपून नवा सारा बसला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली जिथून नव्या मोजणीची घडी बसवली त्या इंदापूर तालुक्यात सारावाढ सगळ्यांत आधी पोचली. भाव उतरलेले, सारा चढलेला, खत वाढत चाललेलं. दहा वर्षांत सुपे पेटलं.

त्याच युद्धानं अमेरिकेला तिच्या घटनेची चौदावी दुरुस्ती दिली. १८६८ साली मंजूर झालेली ही दुरुस्ती मुख्यतः गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी होती. कोणतंही राज्य ‘ड्यू प्रोसेस’शिवाय, म्हणजे रीतसर आणि न्याय्य कार्यवाहीशिवाय, कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पुढच्या काही दशकांत अमेरिकी न्यायाधीशांनी या वाक्यातून काय काढलं? करार करण्याचं स्वातंत्र्य! १९०५च्या लॉक्नर खटल्यात न्यूयॉर्क राज्याचा एक कायदा सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. बेकरीतल्या कामगाराला दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांहून जास्त राबवायचं नाही, एवढंच तो कायदा सांगत होता. न्यायालय म्हणालं, कामगाराला जास्त तास राबण्याचा करार करायचा असेल तर अडवणारे तुम्ही कोण? सुप्याच्या मुन्सफाचंच हे तर्कशास्त्र, फक्त अंगावर झगा मोठ्या कोर्टाचा.

इथे हिंदुस्थानातलं परकं सरकार अमेरिकी न्यायालयापेक्षा शहाणं ठरलं, हे कबूल करायला थोडं जड जातं. दंगलीच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं, खतावर थांबू नकोस. व्यवहाराच्या मुळाशी जा, पहिलं कर्ज किती होतं आणि व्याज किती चढलं ते उकरून काढ. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं आणि गावोगाव फिरून कोर्टांची दप्तरं तपासली. कायद्यानं शेतकरी कर्जमुक्त झाला असं मुळीच नाही. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतं लिहून घेण्याची वाट शोधली, आणि जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो काही समाधानानं नव्हे. पण तत्त्व ठरलं. दोन पक्ष बरोबरीचे नसतील, तर कायदेमंडळ कराराच्या आत हात घालू शकतं.

हेच तत्त्व अमेरिकेत पटवून देण्यात फ्रँकफर्टरची उमेदीची वर्षं गेली. व्हिएन्नात १८८२ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा १८९४मध्ये आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. बारा वर्षांनी तो हार्वर्डच्या लॉ स्कूलमधून पहिल्या श्रेणीत बाहेर पडला आणि १९१४मध्ये तिथेच प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना तो जे शिकवे त्याचं मूळ जेम्स ब्रॅडली थेअर यांच्या १८९३च्या एका निबंधात होतं. थेअर १९०२मध्ये वारले, फ्रँकफर्टर हार्वर्डला आला त्यानंतर. गुरूचं तोंड त्यानं वर्गात कधी पाहिलं नाही, पण शिष्यत्व जन्मभर निभावलं. थेअरांचं म्हणणं असं, की कायद्याची घटनाबाह्यता सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ असेल तरच न्यायालयानं तो रद्द करावा. शंका असेल तर लोकप्रतिनिधींचं ऐकावं.

फ्रँकफर्टर वर्गापुरता पंडित नव्हता. १९२३च्या ॲडकिन्स खटल्यात राजधानीतल्या कामकरी स्त्रियांच्या किमान वेतनाच्या कायद्याच्या बाजूनं त्यानं सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला आणि तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. पुन्हा तेच कराराचं स्वातंत्र्य. सॅको आणि व्हँझेट्टी या दोन इटालियन अराजकवाद्यांना देहदंडाकडे नेणाऱ्या खटल्यावर १९२७मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं आणि बॉस्टनच्या प्रतिष्ठितांचा रोष ओढवून घेतला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या दरबारी त्याचं वजन एवढं, की त्यानं धाडलेली हुशार पोरं वॉशिंग्टनच्या खात्याखात्यांत दिसू लागली. १९३९मध्ये रूझवेल्टनं त्याला सर्वोच्च न्यायालयावर नेमलं, तेव्हा उदारमतवाद्यांनी पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते.

त्यांची निराशा दीड वर्षातच झाली. शाळेत झेंड्याला वंदन करायला यहोवाच्या साक्षीदार पंथातल्या दोन मुलांनी नकार दिला, त्यांना शाळेतून काढलं. १९४०च्या गोबायटिस खटल्यात न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं शाळेची बाजू घेतली आणि निकाल लिहिला फ्रँकफर्टरनं. निकालानंतर त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. तीनच वर्षांत, बार्नेट खटल्यात, न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवला. फ्रँकफर्टर मात्र हटला नाही. स्वतः इतिहासातल्या सर्वांत छळल्या गेलेल्या अल्पसंख्याकांपैकी असलो तरी न्यायाधीश म्हणून माझं मत बाजूला ठेवलंच पाहिजे, अशा अर्थाचं त्यानं मतभेदाच्या सुरुवातीलाच लिहिलं. वाचताना त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं आणि त्याच वेळी त्या शाळकरी मुलांना याचा काय उपयोग, असंही मनात येतं. १९४४मध्ये, जपानी वंशाच्या नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांतून हुसकावणारा लष्करी हुकूम न्यायालयानं उचलून धरला. त्या कोरेमात्सू निकालातही फ्रँकफर्टर बहुमताबरोबर होता.

म्हणजे बेकरीच्या मालकापासून कामगाराला वाचवण्यासाठी शोधलेलं तत्त्व आता लष्करी हुकमाच्या संरक्षणाला उभं होतं. तत्त्व तेच. फक्त समोरचा माणूस बदलला होता.

अशा या न्यायमूर्तीला १९४७च्या अखेरीस बेनेगल नरसिंह राव भेटले. राव हे संविधानसभेचे घटनात्मक सल्लागार. सभेचे सदस्य नव्हते, पण पहिला आराखडा त्यांच्या हातचा. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, इंग्लंड अशा दौऱ्यात ते न्यायाधीशांची आणि पंडितांची मतं गोळा करत होते. भारताच्या मसुद्यात तेव्हा ‘ड्यू प्रोसेस’ होतं. संविधानसभेनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते मान्यही केलं होतं. फ्रँकफर्टरनं रावांना सांगितलं, की या कलमातून न्यायाधीशांना मिळणारा अधिकार लोकशाहीला धरून नाही. मूठभर न्यायाधीश लोकनियुक्त कायदेमंडळाचा कायदा उडवू शकतात, आणि वर न्यायसंस्थेवरही त्याचं नको तेवढं ओझं पडतं. राव हे घेऊन परतले. फेब्रुवारी १९४८च्या मसुद्यात ‘ड्यू प्रोसेस’ गेलं आणि ‘कायद्यानं प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार’ हे शब्द आले. शब्द घेतले जपानच्या १९४६च्या घटनेतून, आणि ती घटना लिहिली होती जपान ताब्यात घेतलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांनी.

ही कथा आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी सांगतात. काहींच्या मते हा सल्ला म्हणजे दूरदृष्टी: भारतात जमीनसुधारणा व्हायच्या होत्या, ‘ड्यू प्रोसेस’ राहिलं असतं तर जमीनदारांनी कोर्टात जाऊन प्रत्येक कूळकायदा पाडला असता. इतरांच्या मते ही परदेशी पंडितापुढे घातलेली मान. दोन्ही बाजू एका साध्या गोष्टीकडे डोळेझाक करतात, आणि या लेखाचा सगळा रोख तिच्यावर आहे. अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीत जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता एकाच दावणीला आहेत. भारताच्या मसुद्यात तसं नव्हतंच. मालमत्ता वेगळ्या कलमात काढलेली होती, तिचे नुकसानभरपाईचे वाद तिथेच लढले जायचे होते. ‘ड्यू प्रोसेस’ लागणार होतं ते फक्त जीविताला आणि स्वातंत्र्याला, आणि स्वातंत्र्यामागेही मसुदा समितीनं ‘व्यक्तिगत’ हा शब्द जोडून त्याचा आवाका कमी केला होता. लॉक्नरचं दुखणं ज्या सांध्यात होतं तो सांधा इथे आधीच कापलेला होता. तरीही औषध घेतलं गेलं.

पुढे झालेलं याची साक्ष देतं. बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा पाटणा उच्च न्यायालयानं १९५१मध्ये पाडला. ‘ड्यू प्रोसेस’ नसताना पाडला, समानतेच्या १४व्या कलमाखाली. कोर्टाला कायदा पाडायचाच असला तर दार सापडतं. उत्तर म्हणून पहिली घटनादुरुस्ती झाली, ३१-अ, ३१-ब ही कलमं आणि नववं परिशिष्ट आलं. मुंबईचा १९४८चा कूळकायदा त्या परिशिष्टात पहिल्याच यादीत आहे. १९५६च्या दुरुस्तीनं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, कसणारा कूळ त्या दिवशी मालक मानला गेला. जमीनमालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५८मध्ये हरले, ते ३१-अ कलमामुळे. सुपे-बारामती-इंदापूरच्या तलाठी दप्तरांत कूळकायद्याच्या ‘३२ ग’ कलमाची प्रकरणं आजही धूळ खात किंवा धूळ उडवत असतात, त्यातल्या एकाही कुळाला जमीन फ्रँकफर्टरच्या सल्ल्यामुळे मिळालेली नाही. मिळाली ती मालमत्तेच्या कलमांत केलेल्या सरळ, उघड दुरुस्त्यांमुळे.

मग सल्ला कुणाच्या कामी आला?

१९४८चं ते वर्ष आठवावं. फाळणीचा रक्तपात नुकता होऊन गेलेला, हैदराबादचा प्रश्न पेटलेला, तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू. प्रांतिक सरकारांना माणसं खटल्याविना तुरुंगात ठेवायची होती आणि ठेवतही होती. स्थानबद्धतेच्या कायद्यावर ‘हा न्याय्य आहे का?’ असं विचारणारं न्यायालय त्यांना नको होतं. ही गरज उघडपणे मांडणं अवघड, विशेषतः ज्यांनी स्वतः वर्षानुवर्षं इंग्रजांच्या तुरुंगांत काढली त्यांना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला न्यायमूर्ती, तोही कामगारांचा कैवारी म्हणून गाजलेला, हेच म्हणतो म्हटल्यावर ती गरज अंगावर शाल पांघरून सभेत येऊ शकली. डिसेंबर १९४८मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ‘ड्यू प्रोसेस’ परत आणण्याची दुरुस्ती मांडली. क. मा. मुनशी त्या बाजूनं बोलले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अमेरिकी अनुभवाचा हवाला देऊन विरोध केला. आंबेडकर, जे कोलंबियात शिकलेले आणि अमेरिकी घटना आतून जाणणारे, १३ डिसेंबरला उत्तर द्यायला उठले आणि त्यांनी जवळजवळ हात टेकले. एका बाजूला पक्षीय बहुमतानं भारलेलं कायदेमंडळ, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या मतानुसार कायदे जोखणारे पाच-सहा न्यायाधीश. यातून निवड करणं अवघड आहे, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं आणि निर्णय सभेवर सोडला. दुरुस्ती फेटाळली गेली.

आंबेडकरांचं मोठेपण त्यानंतर दिसतं. सप्टेंबर १९४९मध्ये त्यांनी एक नवं कलम आणलं, आजचं २२वं. अटकेची कारणं सांगणं, वकिलाचा सल्ला, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं. ‘ड्यू प्रोसेस’ काढून जे गमावलं त्याची ही भरपाई आहे, हे त्यांनी लपवलं नाही. पण भरपाई अर्धीच. त्याच कलमात खटल्याविना स्थानबद्धतेलाही जागा दिली गेली आणि स्थानबद्ध माणसाला वकील व दंडाधिकारी हे दोन्ही हक्क नाकारले गेले. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात स्थानबद्धतेची तरतूद असणं हे आपल्या घटनेचं एक विचित्र वैशिष्ट्य आहे. इंग्रजांनी जे अध्यादेशानं केलं ते आपण हक्कांच्या यादीत लिहून ठेवलं.

राज्यघटना लागू होऊन महिना झाला नव्हता, तोच स्थानबद्धतेचा कायदा आला. मे १९५०मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की कायदा आहे आणि त्यात पद्धत आहे, एवढं पुरे. ती न्याय्य आहे का हे पाहणं आमचं काम नाही. फझल अली एकटे वेगळे पडले. अंगठा आहे ना, मग दावा निकाली, या मुन्सफी न्यायाची ही सगळ्यांत वरच्या पायरीवरची आवृत्ती होती. १९७६मध्ये, आणीबाणीत, जबलपूर खटल्यात न्यायालयानं स्थानबद्धांना कोर्टाचं दारच बंद केलं. चार विरुद्ध एक. त्या चारांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात शिकलेले यशवंत विष्णू चंद्रचूड होते.

त्याच महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले सत्यरंजन साठे ही या कथेतली दुसरी कारकीर्द. फ्रँकफर्टरशी ती ताडून पाहण्यासारखी आहे, कारण साठेही प्राध्यापक, अमेरिकेत कायद्याचा अभ्यास केलेले, आणि न्यायालयाच्या मर्यादा हाच त्यांच्याही अभ्यासाचा गाभा. फरक असा, की साठे कधी न्यायासनावर बसले नाहीत, कुठल्या राष्ट्राध्यक्षाच्या कानाशी लागले नाहीत. लॉ कॉलेज रस्त्यावर टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी वर्ग घेतले, प्रशासकीय कायद्यावर असं पाठ्यपुस्तक लिहिलं की देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात ते आवृत्तीमागून आवृत्ती राहिलं, घटनादुरुस्त्या, माहितीचा अधिकार आणि स्त्रियांचे कायदे यांवर लिहिलं. २००२मध्ये न्यायालयीन सक्रियतेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ ऑक्सफर्डनं काढला. २००६ साली ते गेले. महाराष्ट्राबाहेर त्यांचं नाव घटनेचे अभ्यासक आदरानं घेतात. महाराष्ट्रात सुशिक्षित वाचकालाही ते पटकन आठवत नाही, आणि याची लाज कुणाला वाटल्याचं दिसत नाही.

साठ्यांच्या मांडणीचं मोल हे, की तिला थेअरचं सोवळं नाही आणि न्यायालयाची भाटगिरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या मनेका गांधी निकालानं गोपालनचा रस्ता सोडला: कार्यपद्धत न्याय्य, वाजवी असलीच पाहिजे. संविधानसभेनं दारातून बाहेर काढलेलं ‘ड्यू प्रोसेस’ न्यायालयानं खिडकीतून आत घेतलं. फ्रँकफर्टर असता तर संतापला असता. साठ्यांनी विचारलं ते वेगळं: न्यायालयाला हा अधिकार आला कुठून? त्यांचं उत्तर असं, की तो शब्दांतून सिद्ध होत नाही. लोकांनी तो स्वीकारला म्हणून तो वैध. आणीबाणीनं हात भाजलेल्या समाजाला असं न्यायालय हवं होतं. पण म्हणूनच न्यायालयानं कुंपण ओलांडताना कुंपण राखायचंही असतं. जे राबवता येणार नाही असे हुकूम सोडत गेलं तर तो स्वीकार आटतो. त्यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच सीमा ओलांडणं आणि मर्यादा राखणं ही दोन्ही कामं शेजारी ठेवलेली आहेत.

या उत्तरात एक भोक आहे, आणि ते मोठं आहे. लोकस्वीकृती ही बहुमताचीच चुलतबहीण. १९४०मध्ये अमेरिकेच्या बहुसंख्यांना झेंड्याला वंदन न करणाऱ्या मुलांबद्दल काडीची सहानुभूती नव्हती. स्थानबद्ध केलेल्या ‘गुंडा’बद्दल आज कुठल्याही तालुक्यात नसते. त्यांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या न्यायालयाला स्वीकृती मिळेलच असं नाही. तरीही साठ्यांची दिशा जास्त भरवशाची वाटते, कारण ते न्यायालयाच्या आवरतं घेण्याला स्वयंभू सद्गुण मानत नाहीत. कुणापुढे आवरायचं, हे विचारायची जागा त्यांच्या मांडणीत उरते. फ्रँकफर्टरच्या मांडणीत ती १९२३ साली होती, कारण त्याच्यासमोर किमान वेतन मागणाऱ्या बायका होत्या. न्यायासनावर गेल्यावर ती बुजली.

आजच्या पुणे जिल्ह्यातले दोन सरकारी कागद शेजारी ठेवून हे तपासता येतं. पहिला, महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४च्या कलम १८खालचा आदेश. बेकायदा सावकारानं कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते खत अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देववू शकतो. नोंदणीकृत खरेदीखत, सही, साक्षीदार, सगळं जागेवर असतानाही. १८७९च्या कायद्याचा हा थेट वंशज. इथे न्यायालयानं कराराचं पावित्र्य काढून बसू नये, फ्रँकफर्टरचं ऐकावं.

दुसरा कागद एमपीडीएचा. १९८१चा हा राज्याचा स्थानबद्धतेचा कायदा आधी झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थवाले यांच्यासाठी होता. मग ‘धोकादायक व्यक्ती’ आल्या, वाळूतस्कर आले, यादी वाढत गेली. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त सही करतात आणि माणूस एका वर्षापर्यंत येरवड्यात किंवा दूरच्या एखाद्या कारागृहात जातो, खटल्याविना. सल्लागार मंडळापुढे त्याला वकील उभा करण्याचा हक्क नाही. त्या मंडळापुढे आलेल्या कागदांत नुसती पद्धत पाळली गेली का एवढंच पाहायचं, की मागचे गुन्हे काय, किती जुने, जामीन मिळालेला असताना स्थानबद्धता कशाला, हे उकरून काढायचं? १८७९च्या कायद्यानं सुप्याच्या मुन्सफाला जे करायला लावलं तेच इथे करायला हवं: शेवटच्या कागदावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जायला. उच्च न्यायालय असे आदेश वेळोवेळी रद्द करतं, पण तोवर स्थानबद्धतेचे बरेच महिने सरून गेलेले असतात.

जनता सरकारच्या काळात संसदेनं यावर थोडा इलाज केला होता. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं २२वं कलम बदललं: मंडळाच्या अभिप्रायाशिवाय स्थानबद्धतेची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने, आणि मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा कार्यरत न्यायमूर्ती, तोही मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं. दुरुस्ती दोन्ही सभागृहांत विशेष बहुमतानं मंजूर झाली, राष्ट्रपतींची सही झाली. हे विशिष्ट कलम कधीपासून लागू करायचं, ते मात्र केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ठरवायचं होतं. १९८१मध्ये ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विनंती करण्यात आली, की सरकारला ही अधिसूचना काढायला सांगा. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी बहुमताच्या निकालात नकार दिला. केव्हा लागू करायचं हे संसदेनं सरकारवर सोपवलं आहे, न्यायालय त्यात हुकूम देऊ शकत नाही. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं आली आणि गेली. ती अधिसूचना निघालेली नाही.